बॅडमिंटन सुरू करताय? आधी बूट घ्या, रॅकेट मागाहून

चाळिशी ओलांडल्यावर मी पहिल्यांदा हॉलमध्ये बॅडमिंटन खेळायला गेले. त्याआधीचं माझं बॅडमिंटन म्हणजे मे महिन्याच्या सुट्टीत वाड्याच्या अंगणात, नेटच्या जागी कपडे वाळत घालायची दोरी आणि फूल (म्हणजे शटल) कौलांवर अडकलं की खेळ बंद. त्यामुळे हॉलमध्ये जायचं ठरलं तेव्हा सामानाबद्दल मला काहीही माहीत नव्हतं. घरच्यांनी कौतुकाने एक महागडी रॅकेट आणून दिली, पायात रोज फिरायला जायचे बूट चढवले आणि गेले. तिसऱ्या आठवड्यात घोटा मुरगळला. तो बरा होऊन परत खेळायला लागले तर महिन्याभरात कोपर धरलं. भरलेला कुकर ओट्यावरून उचलता येईना.

दोन्ही दुखणी टाळता आली असती. खेळ अवघड नव्हता, सामान चुकीचं होतं. आता माझ्या पहाटेच्या ग्रुपमध्ये दर एक-दोन महिन्यांनी कोणीतरी नवीन येतं आणि मी केल्या त्याच चुका घेऊन येतं. म्हणून त्यांना तोंडी सांगते तेच इथे क्रमाने लिहिलं आहे. क्रम महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक जण पहिल्याच दिवशी सगळे पैसे रॅकेटवर घालतात आणि बुटांसाठी काही उरत नाही.

१. कुठे खेळणार ते आधी ठरवा

सामान जागेवर अवलंबून असतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा गच्चीवर संध्याकाळी अर्धा तास मुलांबरोबर खेळायचं असेल तर या लेखातलं निम्मं सामान तुम्हाला लागणार नाही. साधी रॅकेट, प्लास्टिकचं म्हणजे नायलॉनचं फूल आणि घट्ट लेसचे बूट पुरेत. उघड्यावर पिसांचं फूल अजिबात नेऊ नका, झुळूक आली तरी ते भलतीकडे जातं आणि सिमेंटवर घासून दोन दिवसांत संपतं.

हॉलमध्ये खेळणार असाल तर एकदा रिकाम्या हाताने जाऊन या. पाट्या वाचा आणि तिथल्या माणसाला चार गोष्टी विचारा:

- कोर्ट लाकडी आहे, वर सिंथेटिक मॅट आहे की नुसती फरशी?
- नॉन-मार्किंग शूज (कोर्टवर ओरखडे न उठवणारे) सक्तीचे आहेत का? (बहुतेक ठिकाणी असतात. पायात तसे नसतील तर आत सोडत नाहीत.)
- त्या वेळेला खेळणारे लोक नायलॉनने खेळतात की पिसांच्या शटलने?
- शटल कोण आणतं, आणि खर्च कसा वाटून घेतात?

तिसरा प्रश्न विसरू नका. पिसांच्या शटलने खेळणाऱ्या ग्रुपमध्ये गेलात तर महिन्याचा मोठा खर्च शटलचाच असतो, रॅकेटचा नाही. हे आधी कळलं की हिशोब नीट बसतो.

२. बूट: पहिला खर्च इथेच

माझा घोटा कसा गेला ते सांगते, म्हणजे बूट एवढे का महत्त्वाचे ते कळेल. उजवीकडे पडणारं शटल घ्यायला मी आडवी धावले आणि पाय टेकवून थांबले. शरीर अजून उजवीकडेच जात होतं. बुटाची टाच उंच, आत मऊ फोम. फोम एका बाजूने दबला, टाच कलंडली आणि घोटा बाहेरच्या बाजूला वळला. आवाज मला स्वतःला ऐकू आला.

धावायचे किंवा चालायचे बूट सरळ रेषेत पुढे जाण्यासाठी बनवलेले असतात. टाचेखाली जाड गादी असते, ती पुढे धावताना उपयोगी. बॅडमिंटनमध्ये आपण सरळ फार कमी धावतो. आडवं जायचं, मागे सरकायचं, एक मोठा पाय पुढे टाकून वाकायचं आणि लगेच परत मध्यावर यायचं. त्यासाठी बूट जमिनीलगत, सपाट आणि बाजूने कडक असावा लागतो. बॅडमिंटनच्या बुटाचा तळ गम रबराचा असतो, बहुतेकदा मधाच्या किंवा तपकिरी रंगाचा. तो कोर्टला धरून ठेवतो आणि काळे ओरखडे उठवत नाही, म्हणून त्याला नॉन-मार्किंग म्हणतात.

पण नुसतं ‘नॉन-मार्किंग’ लिहिलंय म्हणून बूट बॅडमिंटनचा होत नाही. धावायच्या कित्येक बुटांचे तळही ओरखडे उठवत नाहीत. दुकानात हे तपासा:

बूट हातात घेऊन टाच आणि चवडा दोन हातांनी पकडून ओला कपडा पिळतो तसा पिळा. मधला भाग सहज पिळला जात असेल तर ठेवून द्या. फक्त चवड्याच्या जागी वाकला पाहिजे. टाचेची मागची भिंत अंगठ्याने दाबून बघा, ती आत जाता कामा नये. तळाला नख टोचलं तर किंचित रुतायला हवं. प्लास्टिकसारखं टणक लागलं तर लाकडी कोर्टवर पाय घसरणार.

माप घ्यायला संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. खेळताना घालणार तेच जाड मोजे घालून जा. उभं राहिल्यावर अंगठ्यापुढे साधारण बोटाच्या जाडीएवढी जागा हवी. कारण पुढे झेपावून थांबताना पाय बुटात पुढे सरकतो आणि जागा नसेल तर अंगठ्याचं नख काळं पडतं. पण टाच मागून उचलली जाता कामा नये. मग दुकानातच मोठा पाय टाकून दोन-चार वेळा पुढे वाका, आडवे सरका. दुकानदार बघत राहील, बघू द्या.

टेनिसचे बूट चालतील का, असं बरेच जण विचारतात. फरशीवर किंवा सिमेंटवर खेळत असाल तर चालतील, उलट तिथे गम रबर लवकर झिजतं. मॅटवर किंवा लाकडावर मात्र बॅडमिंटनचेच घ्या.

आणि एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. हे बूट रस्त्यावर घालायचे नाहीत. घरून चपला घालून जायचं आणि हॉलच्या दारात बूट चढवायचे. तळाला धूळ लागली की सगळी पकड जाते. आमच्या हॉलच्या दाराशी एक ओलं पायपुसणं असतं. जुने खेळाडू कोर्टवर जाण्याआधी त्यावर तळ पुसतात आणि नवे उडी मारून ओलांडतात. तुम्ही पुसा.

३. पहिला महिना रॅकेट विकत घेऊ नका

हे पटत नाही, कारण रॅकेट विकत घेण्यातच सगळी मजा वाटते. तरी थांबा. कोणत्याही ग्रुपमध्ये एखाद्याच्या किटबॅगेत जादा रॅकेट असतेच. मागा. बॅडमिंटन खेळणारी माणसं रॅकेट उसनी द्यायला सहसा नाही म्हणत नाहीत, फक्त ती डबल्समध्ये दुसऱ्याच्या रॅकेटवर आपटू नका. महिनाभरात तीन-चार वेगवेगळ्या रॅकेट हातात घ्या आणि प्रत्येकीबद्दल दोन शब्द वहीत लिहून ठेवा: हात भरून आला का, शटल मागच्या रेषेपर्यंत गेलं का, नेटजवळ रॅकेट वेळेवर वर आली का. दुकानात जाल तेव्हा या नोंदी विक्रेत्याच्या बोलण्यापेक्षा जास्त कामाला येतील.

४. रॅकेटवरचे आकडे वाचायला शिका

दांडीच्या खालच्या टोकाला, मूठ सुरू होते तिथल्या शंकूसारख्या भागावर बारीक अक्षरात आकडे लिहिलेले असतात. तिथे एवढंच बघायचं:

वजन. ‘३यू’ म्हणजे ८५ ते ८९ ग्रॅम, ‘४यू’ म्हणजे ८० ते ८४, ‘५यू’ म्हणजे ७५ ते ७९. आकडा जितका मोठा तितकी रॅकेट हलकी. हे उलटं असल्यामुळे सगळ्यांचाच गोंधळ होतो. काही कंपन्या वेगळी खूण वापरतात किंवा सरळ ग्रॅम लिहितात. नवीन माणसाने ४यू घ्यावी. मनगट नाजूक असेल किंवा आधीच खांद्याची तक्रार असेल तर ५यू.

मुठीची जाडी. ‘जी४’, ‘जी५’, ‘जी६’ अशी खूण असते. आपल्याकडे जास्त मिळणाऱ्या यॉनेक्समध्ये आकडा मोठा तितकी मूठ बारीक. सगळ्या कंपन्यांची पद्धत एक नाही, म्हणून आकड्यावर न जाता हातात धरून बघा. दोन मुठींत अडलात तर बारीक घ्या. बारीक मूठ ग्रिप गुंडाळून जाड करता येते, जाड मूठ बारीक करता येत नाही.

किती पौंडापर्यंत गटिंग (म्हणजे जाळीच्या धाग्याचा ताण) चालतं तो आकडाही तिथेच असतो. ती कमाल मर्यादा आहे, शिफारस नव्हे. याबद्दल पुढे सविस्तर लिहिते, कारण माझं कोपर तिथेच गेलं.

आता आकड्यात न लिहिलेल्या दोन गोष्टी. पहिली, तोल. रॅकेटची दांडी एका बोटावर आडवी ठेवा आणि ती कुठे तोलली जाते ते बघा. मुठीच्या टोकापासून तिथपर्यंत टेपने मोजलं तर साधारण २८५ ते २९५ मिलिमीटर भरलं म्हणजे रॅकेट समतोल. ३०० च्या पुढे गेलं तर डोकं जड, म्हणजे हेड-हेवी. डोकं जड असलं की स्मॅशला वजन मिळतं हे खरं, पण त्यासाठी ती वेळेवर फिरवता यायला हवी. नवीन माणसाचा हात उशिरा येतो. शटल अंगावरून निघून जातं आणि रॅकेट अजून मागेच असते. समतोल घ्या.

दुसरी, दांडीचा कडकपणा. एका हाताने मूठ आणि दुसऱ्या हाताने वरची कड धरून हलकेच वाकवून बघा. लवचीक दांडी वाकते आणि परत सरळ होताना शटलला ढकलते, तुमचा हात मंद असला तरी मदत करते. कडक दांडी वेगाने हात फिरवणाऱ्यालाच काही देते. आपल्यासारख्यांना तिच्यातून मिळतो तो फक्त धक्का, आणि तो थेट कोपरापर्यंत जातो. ‘स्टिफ’ किंवा ‘एक्स्ट्रा स्टिफ’ लिहिलेली रॅकेट, मग ती कितीही मोठ्या खेळाडूच्या हातात दिसलेली असो, पहिली दोन वर्षं घेऊ नका. मला भेट मिळालेली रॅकेट ३यू, डोकं जड आणि कडक अशी तिन्ही होती.

कशाची बनलेली घ्यायची, याचं उत्तर सोपं आहे. नियमित खेळणार असाल तर पूर्ण ग्रॅफाइटची. दोन रॅकेट आणि एक फूल अशा जोडीत मिळणाऱ्या स्वस्त रॅकेटची फ्रेम ॲल्युमिनियमची किंवा लोखंडी असते, आणि फ्रेमला दांडी जिथे मिळते तिथे टी आकाराचा सांधा वेगळा दिसतो. तो काही दिवसांनी हलायला लागतो. मुलांना अंगणात खेळायला ती जोडी छान आहे, हॉलसाठी नाही. लहान मुलांना हॉलमध्ये घालणार असाल तर त्यांच्यासाठी कमी लांबीच्या ज्युनिअर रॅकेट मिळतात. सात वर्षांच्या मुलीच्या हातात बाबांची रॅकेट दिली की ती मूठ सोडून दांडीवर हात धरते, आणि ती सवय पुढे सुटता सुटत नाही.

बायकांना दुकानात हमखास ‘लेडीज रॅकेट’ दाखवतात. असा काही वेगळा प्रकार नसतो, रंग वेगळा असतो. वजन, तोल, दांडी एवढंच बघा.

किती खर्च करायचा? मी हे लिहिताना पुण्यातल्या दुकानांत साधारण दोन ते तीन हजारांत चांगली पूर्ण ग्रॅफाइटची रॅकेट मिळते. त्याच्या वरचे पैसे नवीन माणसाला खेळात दिसत नाहीत. सांगलीचे नंदू नाटेकर १९५६ साली क्वालालंपूरची स्पर्धा जिंकून परदेशात विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले, तेव्हाच्या रॅकेटच्या फ्रेमा लाकडी होत्या आणि आजच्यापेक्षा कितीतरी जड. आज दोन हजारांत मिळते तशी हलकी रॅकेट त्या पिढीला मिळालीच नाही.

५. गटिंग: खरी रॅकेट इथे बनते

रॅकेटमध्ये विणलेल्या धाग्याला आणि तो विणण्याच्या कामाला आपल्याकडे गटिंगच म्हणतात. शटलला रॅकेट लागत नाही, गटिंग लागतं. तरी नवीन लोक याबद्दल एकही प्रश्न विचारत नाहीत.

कोपर धरल्यावर कोणीतरी मला गटिंग करणाऱ्या एका काकांकडे पाठवलं. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. एक यंत्र, वर धाग्याची रिळं, भिंतीला टांगलेल्या पंचवीस-तीस रॅकेट आणि प्रत्येकीला नाव आणि पौंड लिहिलेली चिठ्ठी. काकांनी माझी रॅकेट घेतली, तळहाताने जाळी दाबली आणि विचारलं, “किती आहे?”

“अठ्ठावीस.”

“कोणी सांगितलं अठ्ठावीस?”

“दुकानात म्हणाले, एवढी चांगली रॅकेट आहे तर कमी कशाला.”

काकांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या कोपरावरच्या पट्ट्याकडे. “ताई, कधीपासून खेळताय?”

“चार महिने.”

त्यांनी काही न बोलता कात्री घेतली आणि मधोमधपासून सुरुवात करून एक उभा, एक आडवा असे धागे कापत कडेपर्यंत गेले. मग यंत्रावर रॅकेट बसवली, सहा ठिकाणी आवळली आणि काटा बावीसवर आणला. अर्ध्या तासाने हातात देताना म्हणाले, “बावीसवर दोन महिने खेळा. शटल मधोमध लागायला लागलं की या, एक पौंड वाढवून देतो.”

दुसऱ्या दिवशी तीच रॅकेट, तोच हात, आणि शटल पहिल्यांदाच मागच्या रेषेजवळ पडलं.

कारण असं आहे. ताण कमी असला की जाळी थोडी आत जाते आणि शटलला झोक्यासारखं परत फेकते. तुमची ताकद कमी पडली तर जाळी भरून काढते. ताण वाढवला की जाळी टणक होते. फटका नेमका मारता येतो, पण मधला चांगला लागणारा भाग लहान होतो आणि जरा बाजूला लागलं की सगळा धक्का हाताला. मोठे खेळाडू तीस पौंडाच्या आसपास खेळतात ते त्यांचं शटल दरवेळी मधोमध लागतं म्हणून.

तेव्हा नवीन माणसाने २० ते २३ पौंड सांगावं. बांधून येणाऱ्या रॅकेटचं कारखान्यातलं गटिंग बहुतेकदा सैल आणि हलक्या धाग्याचं असतं. शक्य असेल तर रॅकेट घेतानाच नवीन करून घ्या. धागा जाड घ्या. ०.७० मिलिमीटरचा, यॉनेक्सच्या बीजी-६५ सारखा. तो कुठेही मिळतो आणि टिकतो. ०.६५-०.६६ चे बारीक धागे आवाज सुरेख देतात, पण नवीन माणसाचे फटके कडेला बसतात आणि बारीक धागा कडेलाच तुटतो.

इथे लोक फसतात ते असे:

- दुकानदार “कसंही चालेल” म्हणून पौंड न विचारता गटिंग करतो. तुम्ही आकडा सांगा, चिठ्ठीवर लिहून घ्या.
- एक धागा तुटला की रॅकेट तशीच कपाटात ठेवली जाते. ताण एकीकडचा जातो, दुसरीकडचा राहतो आणि फ्रेम वाकडी होते. तुटल्याबरोबर काकांसारखं मधून बाहेर असं सगळं कापून टाका.
- गाडीच्या डिकीत रॅकेट ठेवतात. एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत गटिंग सैल पडतं आणि फ्रेमलाही ताप लागतो.
- न तुटलेलं गटिंग वर्षभर वापरतात. धागा न तुटताही सैल होत जातो. आठवड्यातून तीन वेळा खेळत असाल तर वर्षातून तीन वेळा बदला, असा खेळणाऱ्यांचा साधा हिशोब आहे.

६. ग्रिप

पन्नास ते दीडशे रुपयांची वस्तू, पण मूठ हातात फिरायला लागली की सगळा खेळ जातो. मूळ ग्रिपवर एक पातळ ओव्हरग्रिप गुंडाळा. मुठीच्या खालच्या टोकापासून सुरुवात करा, थोडा ताण देत वर या आणि दरवेळी आधीच्या पट्टीवर थोडीच चढवा. उजव्या हाताच्या आणि डावखुऱ्या माणसाची गुंडाळायची दिशा उलटी असते. उलट गुंडाळली तर खेळताना कडा उकलतात. पहिल्यांदा कोणाकडून तरी करून घेऊन बघा.

हाताला फार घाम येत असेल, आणि मुंबई-ठाणे, कोकण, गोवा इथे तो येणारच, तर टॉवेल ग्रिप वापरून बघा. ती घाम पिते, पण मूठ जाड होते आणि दर थोड्या दिवसांनी बदलावी लागते, नाहीतर वास मारते.

मूठ घट्ट आवळून धरू नका. हे सामानाबद्दलचं नाही, पण जाडी चुकली की माणूस आवळतोच, म्हणून इथे सांगितलं.

७. फूल कुठलं आणायचं

सुरुवातीला नायलॉन. एक नायलॉनचं फूल नवीन माणसांच्या हातात बरेच दिवस जातं, पिसांचं एका गेममध्ये फाटतं. तुमचा ग्रुप किंवा कोच पिसांचं वापरत असेल तर तेच वापरा, कारण दोन्ही वेगळी उडतात. पिसांचं रॅकेटवरून झटकन सुटतं आणि मग हवेत मंदावून जवळजवळ सरळ खाली येतं. नायलॉनचं कमानीत, जरा लांब जातं.

नायलॉनच्या फुलाच्या बुडाशी रंगीत पट्टी असते. हिरवी म्हणजे मंद, निळी मध्यम, लाल वेगवान. आपल्या हवेला हिरवी घ्या. लाल थंड देशांसाठी. बऱ्याच दुकानांत हातात येईल तो डबा देतात, पट्टीचा रंग तुम्ही विचारा.

पिसांच्या शटलमध्ये सोळा पिसं असतात, सगळी एकाच बाजूच्या पंखाची, म्हणून ते उडताना एकाच दिशेने गिरकी घेतं. हंसाच्या पिसांचं महाग आणि टिकाऊ, बदकाच्या पिसांचं स्वस्त. डब्यावर ७५, ७६, ७७, ७८ असा आकडा असतो. तो ग्रेनमधल्या वजनावरून आलेला आहे. ७७ ग्रेन म्हणजे साधारण ५ ग्रॅम. आकडा मोठा तितकं शटल वेगवान. हवा तापली की विरळ होते आणि शटल लांब जातं, म्हणून उन्हाळ्यात कमी आकडा. समुद्रसपाटीपासून वर गेलं तरी तेच. पुणे साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे मुंबईत बरोबर पडणारं शटल इथे थोडं पुढे जातं. मुंबईचे पाहुणे आमच्याकडे खेळायला आले की पहिला गेम त्यांचं सगळं बाहेरच पडतं.

वेग तपासायची रीत खेळाच्या नियमांतच आहे. मागच्या रेषेवर उभं राहून, शटल खालून पूर्ण ताकदीने बाजूच्या रेषेला समांतर मारायचं. समोरच्या मागच्या रेषेच्या अलीकडे ५३० ते ९९० मिलिमीटरमध्ये पडलं तर वेग बरोबर. टेप लागत नाही. डबल्सच्या सर्व्हिसची मागची रेषा शेवटच्या रेषेपासून ७६० मिलिमीटर आत असते, म्हणजे बरोबर या पट्ट्याच्या मधोमध. शटल त्या रेषेच्या आसपास पडलं पाहिजे. हा फटका जुन्या खेळाडूला मारायला सांगा, नवीन माणसाचा तेवढा जात नाही.

पिसांचा डबा कोरडा पडला की पिसं मटामट तुटतात. आदल्या रात्री डबा उघडून दोन्ही बाजूंनी काही सेकंद वाफ द्या, कॉर्क ओला होऊ देऊ नका, मग झाकण लावून उभा ठेवा. हिवाळ्यात तर जरूर करा.

८. दुकानात जाताना सोबत काय न्यायचं

- जाड मोजे
- मोजायची टेप
- वहीतल्या नोंदी: कुठली उसनी रॅकेट बरी वाटली
- हॉलवर विचारून आलेली माहिती: कोर्ट कसलं, शटल कुठलं
- कागदावर लिहिलेलं: ‘४यू, समतोल, लवचीक किंवा मध्यम दांडी, २२ पौंड, ०.७० धागा’
- शक्य असेल तर तीन-चार वर्षं खेळणारं कोणीतरी

रॅकेट घेताना फ्रेमवरून सावकाश नख फिरवा. कुठे अडकलं तर रंग उडालाय की तडा आहे ते उजेडात बघा. वरून सरळ डोळ्यासमोर धरा, फ्रेम आणि दांडी एका रेषेत हवी. नामांकित कंपनीची रॅकेट निम्म्या किमतीत कोणी देत असेल तर ती नकली आहे असं धरून चाला. होलोग्राम आणि दांडीवरचा कोरलेला क्रमांक बघा, छापील बिल घ्या आणि जपून ठेवा. वॉरंटीत काय येतं ते तेव्हाच विचारा. डबल्समध्ये जोडीदाराच्या रॅकेटवर आदळून फ्रेम गेली तर सहसा भरपाई मिळत नाही, आणि नवीन लोकांच्या रॅकेट याच कारणाने जातात.

पैसे मोजकेच असतील तर असा क्रम लावा: बूट, मग उसन्या रॅकेटवर स्वतःच्या खर्चाने नवीन ग्रिप, मग रॅकेट आणि तिच्यासोबत गटिंग, आणि सगळ्यात शेवटी किटबॅग. बॅगेचं काम पहिले सहा महिने कापडी पिशवीसुद्धा करते. तिच्यात एक छोटा टॉवेल, पाण्याची बाटली, जादा मोजे आणि एक ओव्हरग्रिप असू द्या.

९. रॅकेट घरी आल्यावर

पांढऱ्या चिकटपट्टीचा एक छोटा तुकडा घ्या, त्यावर गटिंगची तारीख, पौंड आणि धाग्याचं नाव पेनने लिहा आणि मुठीच्या वर शंकूवर गुंडाळून चिकटवा. दर वेळी गटिंग केलं की नवीन तुकडा लावा, जुना वहीत चिकटवा. माझ्या वहीत असे चौदा तुकडे आहेत. पहिल्यावर २२ लिहिलंय, शेवटच्यावर २५, आणि मधल्या एकावर २६ लिहून काट मारली आहे, कारण त्या आठवड्यात कोपर पुन्हा कुरकुरलं आणि मी काकांकडे परत गेले.